आरक्षणाच्या यंत्रातील जंत्री

१/ नंदुरबार जिल्ह्यातील खांडबारा हे उधना–जळगाव लोहमार्गावरील एक लहान स्थानक. तेथील प्रवासी लांबच्या गाडीत शायिका आरक्षित करतो, तेव्हा ती नोंद रेल्वेच्या डेटाबेसमध्ये जाते. हा डेटाबेस ज्या कार्यप्रणालीवर वर्षानुवर्षे चालत आला, तिची कालगणना १७ नोव्हेंबर १८५८ पासून सुरू होते. हा धागा त्या तारखेविषयी, आणि ती मागे सोडून जाण्याच्या कामाविषयी.

२/ संगणकीय आरक्षणाचा आरंभ १९८५-८६ मध्ये दिल्लीत झाला. तेव्हा सरकारी असलेल्या ‘सीएमसी’ कंपनीने ‘इम्प्रेस’ ही प्रणाली सिद्ध केली. पुढे रेल्वेच्या ‘क्रिस’ने ‘कॉन्सर्ट’ रचली. १९९४ मध्ये ती सिकंदराबादला सुरू झाली. १९९९ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली.

३/ आता कार्यप्रणाली. ‘व्हीएमएस’ १९७७ मध्ये व्हॅक्स संगणकांसाठी जन्मली. नंतर ‘ओपनव्हीएमएस’ या नावाने ती अल्फा आणि मग इटेनियम यंत्रांवर नेण्यात आली. २०२१ मध्ये इंटेलने इटेनियमचा पुरवठा थांबवला. रेल्वेची २०१० मध्ये बसवलेली यंत्रणा याच जोडीवर उभी होती. मिनिटाला सुमारे २५,००० तिकिटे ही तिची क्षमता चौपट करण्यासाठी क्लाउड तंत्राशी जुळणारी नवी यंत्रणा उभारली जात असल्याचे २०२५ मध्ये संसदेत सांगण्यात आले.

४/ मग १८५८ कशासाठी? खगोलशास्त्रातील ‘ज्यूलियन दिनांक’ फार मोठे असतात. १९५७ मध्ये स्पुटनिकचा माग काढताना स्मिथसोनियन वेधशाळेने संगणकाच्या सोयीसाठी त्यांतून २४,००,०००.५ दिवस वजा केले. उरलेल्या गणनेचा शून्य दिवस १७ नोव्हेंबर १८५८ ठरला, आणि व्हीएमएसच्या निर्मात्यांनी तोच स्वीकारला. राणीचा जाहीरनामा त्याच महिन्यातला; पण तो निव्वळ योगायोग.

५/ व्हीएमएस सेकंदाचे कोटिभाग मोजते. युनिक्स कुळातील प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. एकीकडचा आकडा जसाच्या तसा दुसरीकडे ठेवला, तर तारीख भलतीच निघेल. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे नवे नाही. पेशवे दप्तरातील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवल्याशिवाय इसवी सन हाती येत नाही. कोणती संख्या मिळवायची, हे महिना पाहून ठरते. त्यासाठीच आपण जंत्री उघडतो.

६/ तारीख हे सर्वांत सोपे उदाहरण. व्हीएमएस फाइलमधील नोंदींची रचना स्वतः जाणते. युनिक्सला फाइल म्हणजे बाइटांची सलग ओळ. एकच नोंद दोघांनी एकाच क्षणी बदलू नये म्हणून कुलूप घालण्याची रीतही दोन्हींकडे वेगळी. ही रीत स्थलांतरात निसटली, तर एकच शायिका दोघांना विकली जाईल, आणि तो दोष रात्री गाडीत चढल्यावरच कळेल.

७/ म्हणून अशा स्थलांतरात आकड्यांबरोबर त्यांचा संकेतही न्यावा लागतो. हा संकेत बहुधा कुठे लिहिलेला नसतो. जुन्या कार्यप्रणालीने तो मुकाट्याने सांभाळलेला असतो. उद्याच्या इतिहासकाराला आपल्या काळातील प्रवासाच्या नोंदी सापडतील, पण त्यांची जंत्री सापडली नाही, तर त्या त्याला वाचता येणार नाहीत. नवी यंत्रणा उभी करणाऱ्यांनी ती जंत्रीही लिहून ठेवावी.