आयएमईआय नंबर म्हणजे काय? फोन हरवण्याआधीच लिहून ठेवा

फोन चोरीला गेला की आपण आधी सिम बंद करतो. ते बरोबरच आहे, पण त्याने फोन बंद होत नाही. दुसरं सिम टाकलं की तो पुन्हा सुरू! इथे आयएमईआय कामाला येतो.

आयएमईआय म्हणजे काय?
हँडसेटचा स्वतःचा १५ अंकी ओळख क्रमांक. मोबाइल नंबर सिमचा असतो, आयएमईआय फोनचा. सिम बदललं तरी तो तोच राहतो. ड्युअल सिम फोनला असे दोन नंबर असतात.

कसा बघायचा?
*#०६# डायल करा. फोनच्या बॉक्सवरही तो छापलेला असतो.

फोन गेला तर?
१. पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या.
२. त्याच नंबरचं नवीन सिम घ्या, ओटीपीसाठी लागेल.
३. 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा.

मग तो फोन देशातल्या कुठल्याच मोबाइल नेटवर्कवर चालत नाही. वायफाय मात्र चालू शकतं, म्हणून गुगल किंवा अ‍ॅपल अकाउंटवरून फोन लॉकही करा.

सेकंडहँड फोन घेताय?
इंग्रजीत 'केवायएम', एक स्पेस आणि आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड' आलं तर तो फोन घेऊ नका.

आत्ताच नंबर बघा आणि वहीत लिहा. त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवून काय उपयोग?