शर्कराकंदाची घडण

चाकवत, पालक, चंदनबटवा आणि बीट या वनस्पती दीर्घकाळ चाकवत कुल या स्वतंत्र कुलात गणल्या जात. १९९८ मध्ये जनुकीय पुराव्यांवर आधारलेल्या वर्गीकरणाने ते कुल माठ-राजगिऱ्याच्या कुलात विलीन केले, पण काही अभ्यासक ते आजही वेगळेच मानतात. या गटातील अनेक जाती खारवट जमिनीत तग धरतात, आणि बीटचा पूर्वजही युरोपच्या समुद्रकाठी उगवणारे रानबीटच आहे. त्याच्यापासून साखरेचे बीट, म्हणजेच शर्कराकंद, कसा घडला हा या कुलाच्या अभ्यासातील सर्वांत मोलाचा अध्याय होय.

अठराव्या शतकात युरोपात साखर येई ती मुख्यतः गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या वसाहतींतील उसापासून. १७४७ मध्ये बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ याने बीटच्या मुळांतील साखर मद्यार्काने वेगळी केली आणि तिचे स्फटिक उसाच्या साखरेचेच आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवले. त्याचा शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड याने बीटचे नाना प्रकार लावून पाहिले, त्यांतून पांढऱ्या सालीचा व निमुळत्या मुळाचा प्रकार निवडला आणि प्रशियाच्या राजाच्या साहाय्याने सायलेशियातील कुनर्न येथे कारखाना उभारला, जो १८०२ मध्ये चालू झाला. पुढे नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली, तीमुळे वसाहतींतील साखर दुर्मिळ झाली, आणि १८११ च्या फर्मानाने फ्रान्समध्ये ३२,००० हेक्टरांवर बीट लावण्याचा हुकूम निघाला. बीटसाखरेचे श्रेय बहुधा या फर्मानाला दिले जाते. परंतु नेपोलियनच्या पाडावानंतर उसाची साखर परतताच बीटसाखरेचे बहुतेक कारखाने बंद पडले, यावरून केवळ राजाज्ञेने पीक टिकत नाही हे उघड होते.

ते टिकले निवडीच्या शास्त्रामुळे. बीट द्विवर्षायू आहे, म्हणजे पहिल्या वर्षी ते मुळात साखर साठवते आणि दुसऱ्या वर्षी त्या साठ्यावर फुलून बी धरते. पॅरिसच्या बियाणे-व्यवसायातील लुई द व्हिल्मोरीन याने याचाच उपयोग करून घेतला. मूळ न मारता त्याचा लहान तुकडा कापून घ्यावा, तो मिठाच्या पाण्यात तरतो की बुडतो यावरून त्यातील साखरेचा अंदाज बांधावा आणि गोड ठरलेले मूळ पुढील वर्षी बियांसाठी लावावे, अशी त्याची प्रारंभीची रीत होती. मुळातील हवेमुळे ती फसवी ठरू शकते हे कळल्यावर तो तुकड्याचा रस काढून त्यात चांदीचा लहान ठोकळा तोलू लागला, कारण रस जितका दाट तितके त्यातील ठोकळ्याचे वजन कमी भरते. याहून महत्त्वाचे हे की, प्रत्येक मातृरोपाचे बी त्याने वेगळे पेरले, आणि सारखीच गोड दिसणारी दोन मुळे आपल्या संततीला सारखा गोडवा देत नाहीत हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून रोपाची पारख त्याच्या स्वतःच्या रूपावरून न करता त्याच्या संततीवरून करावी हे तत्त्व त्याने १८५६ मध्ये मांडले. आनुवंशिकतेवरील मेंडेलचा निबंध प्रसिद्ध होण्यास तेव्हा दहा वर्षांचा अवधी होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची थोरवी कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगाच्या बाजारात बीटसाखरेने उसाच्या साखरेला मागे टाकले. निर्यातीवर सरकारी अनुदान मिळणारी ही युरोपीय साखर हिंदुस्थानातही इतकी येऊ लागली की, १८९९ मध्ये तिच्यावर प्रतिशुल्क, म्हणजे त्या अनुदानाची भरपाई करणारी जकात, बसवावी लागली.

मात्र केवळ गोडव्यासाठी केलेल्या निवडीमुळे पिकातील आनुवंशिक विविधता आकसली आणि पानांवरील ठिपक्यांच्या रोगापुढे ते दुबळे ठरले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील ओत्ताव्हिओ मुनेराती याने पो नदीच्या मुखाजवळील रानबीटचा शर्कराकंदाशी संकर केला, आणि त्या रोगाला तोंड देणाऱ्या पुढील अनेक वाणांची प्रतिकारशक्ती याच संकरातून आली.