काडीवरच्या सफरचंदाची कुळकथा

वाढदिवसाच्या मेजवानीत केकच्या शेजारी काडीवर उभी केलेली, साखरेच्या लखलखीत लाल कवचातील आणि वरून रंगीत दाण्यांनी शृंगारलेली सफरचंदे मांडण्याची हौस नवी मुंबईत वाशी-नेरूळपासून खारघरपर्यंतच्या सदनिकांतून आता चांगलीच दिसू लागली आहे. हा पदार्थ परदेशी म्हणून त्याला नाके मुरडणारे वडीलधारे आणि परदेशी म्हणूनच त्याचे कौतुक करणारी मुले, असे दोन्ही पक्ष एकाच दिवाणखान्यात भेटतात. त्याच्या कुळाचा दप्तरी शोध घेऊ गेल्यास मात्र दोघांनाही आपापल्या म्हणण्याला थोडी मुरड घालावी लागेल.

जन्मदाखला म्हणून जो प्रसंग सांगितला जातो तो 1908 सालचा आहे. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील न्यूअर्क नगरीत विल्यम कोल्ब नावाचा एक मिठाईवाला होता. नाताळच्या विक्रीसाठी दालचिनीच्या स्वादाच्या लाल गोळ्यांचा पाक सिद्ध करीत असता त्याने त्यात काही सफरचंदे बुडवून, गोळ्यांकडे लोकांचे लक्ष वेधावे एवढ्याच हेतूने, ती दुकानाच्या दर्शनी खिडकीत ठेवली. आणि गिऱ्हाइके गोळ्या सोडून सफरचंदांचाच भाव विचारू लागली. जाहिरातीनेच मालाला पदच्युत केल्याचे इतके निखळ उदाहरण व्यापाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल. परंतु फळावर पाकाचे कवच चढविण्याची कल्पना कोल्बच्या पुष्कळ आधीची आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळा लागला की आंबटगोड लाल फळे काडीला ओवून पाकात बुडवतात व रस्तोरस्ती विकतात. त्या 'तांगहुलू'ची दंतकथा सोंग राजवटीपर्यंत मागे नेली जाते. इंग्लंडात 5 नोव्हेंबरच्या शेकोट्यांच्या रात्री टॉफीत घोळवलेले सफरचंद खाण्याचा प्रघात आहे. ही तिन्ही उदाहरणे थंडीच्या दिवसांतील आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

आता फळाकडे वळू. आपल्या मुलखात सफरचंद हे कालपरवापर्यंत आजाऱ्याच्या उशाशी ठेवण्याचे फळ होते. उत्सवाच्या पंगतीत त्याला मान नव्हता. 1904 साली फिलाडेल्फियाहून हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युअल स्टोक्स या गृहस्थांनी 1916 च्या सुमारास सिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगड परिसरात अमेरिकेतील लाल 'डेलिशस' जातीची कलमे लावली आणि तेथील शेतकऱ्यांचे दैव पालटले. पुढे हेच गृहस्थ असहकाराच्या चळवळीत कारावास भोगून आले आणि हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाले. तात्पर्य, हिमाचलचे म्हणून आपण जे लाल सफरचंद घेतो त्याची आजी अमेरिकन, आणि मेजवानीतल्या सफरचंदाला परदेशी म्हणून हिणवणाऱ्याने ही सोयरीक विसरू नये.

नवी मुंबईला या फळाची सलगी लाभली ती व्यापारी बंदोबस्तामुळे. 1970 साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा या किनाऱ्यावर मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. 1989 साली न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले आणि 1996 साली क्रॉफर्ड मार्केटातील फळांचा घाऊक बाजार तुर्भ्याला, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'वाशी मार्केटा'त, आला. सफरचंदांच्या आयातीवरील निर्बंध 1999 साली उठले. तेव्हापासून हिमाचल व काश्मीरच्या पेट्यांचा हंगाम संपताच परदेशी पेट्या आडत्यांच्या गाळ्यांत उतरू लागल्या. अमेरिकी सफरचंदांवरची जकात 2019 साली 50 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेली आणि 2023 साली पुन्हा 50 टक्क्यांवर आली. दोन सरकारांच्या रुसव्याफुगव्यांची ही झळ मुलांच्या मेजवानीपर्यंत पोहोचते, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु या पदार्थाचा प्राण फळात नसून पाकात आहे, आणि पाकाच्या शास्त्रात मराठी घराने कोणाकडून धडे घ्यावेत अशी स्थिती कधीच नव्हती. एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा पायऱ्या आपल्या गृहिणींनी तापमापक न पाहता केवळ बोटांच्या चिमटीत ओळखल्या. साखर शृंगारण्याची विद्या तर संक्रांतीच्या हलव्यात पराकोटीला पोहोचली. मंद शेगडीवर परात ठेवायची, तीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, चमच्याचमच्याने पाक सोडीत बोटांनी दाणे अखंड फिरवीत राहायचे, आणि तासन्‌तासांच्या या तपश्चर्येनंतर प्रत्येक दाण्यावर नाजूक काटा उभा राहायचा. मग तेच दाणे दोऱ्याने गुंफून नववधूसाठी हार, बाजूबंद, तन्मणी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट घडवायचे. खाद्यवस्तूचे अलंकार करून ते अंगावर मिरवणाऱ्या समाजाला काडीवरचे सफरचंद सजविण्याचे कौतुक ते काय!

तरीही या दोन कलांत एक मूलभूत भेद आहे. हलव्याच्या पाकाला ढवळून, घोळवून स्फटिक धरायला लावावे लागते. काटा म्हणजे दुसरे काही नसून साखरेचे स्फटिकच होत. उलट सफरचंदाच्या पाकात एकही स्फटिक पडता कामा नये. त्याला गोळीबंदाच्या पुढे, सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन न ढवळता निवू दिले, म्हणजे साखर काचेचे रूप घेते. हे साधावे म्हणून त्यात लिंबाचा रस पिळतात; आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विभागला जातो आणि स्फटिकांची जुळणी मोडते. पण फ्रुक्टोजला ओलाव्याची भारी ओढ. म्हणजे जो उपाय पाकाला काच करतो, तोच हात सैल सुटला तर तिला चिकट करून टाकतो. स्फटिकरूप साखर हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या पलीकडे जाईपर्यंत सहसा दाद देत नाही, म्हणून हलवा बरणीत महिनोन्‌महिने टिकतो. साखरेची काच याहून कितीतरी कमी ओलाव्यात पाझरू लागते. चीन, इंग्लंड, अमेरिका येथे हा पदार्थ थंडीतच का जन्मला आणि वाढला, याचे मुख्य कारण माझ्या मते हेच. आणि खाडीकाठच्या या शहरात त्याला डिसेंबर-जानेवारीचा अवधीच काय तो मानवतो. थंडीत काटा चांगला येतो, असे हलवा करणाऱ्या बायका सांगत आल्या, तो अनुभवही याच हवेचा आहे.

कृती थोडक्यात सांगतो. सहा लहान सफरचंदांना 400 ग्रॅम साखर, अर्धी वाटी पाणी व चमचाभर लिंबाचा रस पुरे होतो. बाजारी फळावर मेणाचा थर असतो व त्यावर पाक ठरत नाही. म्हणून फळ उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून खरखरीत फडक्याने पुसावे आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे. शीतकपाटातून काढलेले गार फळ तसेच बुडविल्यास त्यावर दव धरते आणि कवच निसटते. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकताच कडकन मोडला की आच बंद करावी. शृंगारासाठी तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, रंगीत बडीशेप यांपैकी काहीही, पण पाक थिजण्यापूर्वीच्या काही क्षणांत लावावे. हलव्याचे दाणे लावल्यास एकाच फळावर साखरेची दोन्ही रूपे नांदतात, आणि ते दिसतेही देखणे. या पाकाचा चटका उकळत्या पाण्याहून पुष्कळ वाईट असतो; म्हणून मुलांना सजावटीच्या ताटाशी बसवावे, शेगडीशी नव्हे.

रंगाच्या बाबतीत मात्र हयगय नको. 2024 च्या फेब्रुवारीत तामिळनाडू शासनाने 'बुढ्ढी के बाल' या मिठाईच्या विक्रीवर बंदी आणली, ती तपासणीत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग सापडल्यामुळे. घरगुती रंग म्हणून बिटाचा रस घालावा तर तो उष्णतेने फिका पडतो हे खरे, पण फळ मुळातच लाल असताना पाक बिनरंगाचा ठेवल्याने काही बिघडत नाही; उलट आतली लाली अधिक खुलते. दुसरी सावधगिरी काडीची. अमेरिकेत 2014-15 च्या हिवाळ्यात कॅरमेल चढविलेली सफरचंदे खाऊन लिस्टेरिया जंतूने 35 जण आजारी पडले व त्यांतील काही दगावले. काडी खुपसलेल्या छिद्रातून रस झिरपून कवचाखाली साचतो आणि तेथे जंतू पोसतो, असे नंतरच्या प्रयोगांत आढळले. सबब ही सफरचंदे सकाळी करावी, संध्याकाळी संपवावी, उद्यासाठी राखू नयेत. आणि घरातील वाढदिवस आषाढ-श्रावणात येत असेल, तर हा बेत मुकाट्याने बाजूस ठेवून श्रीखंड करावे.