साक्षी आणि छायाचित्रकार

लग्नाच्या मांडवांत हल्लीं उपाध्यायापेक्षां छायाचित्रकाराचा शब्द अधिक चालतो, असें कोणीं म्हटलें तर ती थट्टा आहे असें कोणासहि वाटणार नाहीं. वरानें वधूच्या गळ्यांत हार घातला न घातला तोंच ‘पुन्हां एकदां’ अशी आज्ञा होते, आणि घातलेला हार काढून पुन्हां घातला जातो. उपाध्याय पुढचा मंत्र ओठांवर धरून थांबतात, मंडळीहि ताटकळते. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्यें अंगठी घालण्याच्या वेळीं हीच आज्ञा शब्दानें न होतां खुणेनें होते, एवढाच काय तो फरक. दीडशें वर्षांपूर्वीं ज्याला लग्नाच्या जागीं प्रवेशहि नव्हता, तो आज त्या जागेचा यजमान कसा झाला, आणि त्याच्या येण्यानें विवाहविधीचें काय झालें, हें थोडक्यांत सांगावें असा आमचा विचार आहे.

विवाह साक्षीवांचून होत नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडे अग्नीची साक्ष, देवाब्राह्मणांची साक्ष आणि जमलेल्या आप्तेष्टांची साक्ष अशा साक्षी मानलेल्या आहेत. अक्षता टाकणारा प्रत्येक माणूस हा नुसता प्रेक्षक नसून आशीर्वाद देणारा साक्षीहि असतो. युरोपांत मध्ययुगीं वधूवरांची परस्परांस दिलेली संमति हाच विवाह, असा धर्मशास्त्राचा सिद्धांत होता. त्यामुळें चोरून लग्नें होत, आणि पुढें दोघांपैकीं एकानें कानांवर हात ठेवले म्हणजे निवाडा करणें अशक्य होई. म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असा ठराव केला कीं, धर्मगुरु आणि दोन वा तीन साक्षीदार यांच्यासमक्ष न लागलेलें लग्न लग्नच नव्हे. तेव्हां साक्षीदार हा विधीचें अंग आहे. शोभेसाठीं बोलाविलेला पाहुणा नव्हे.

साक्षीदाराचें हें काम चित्रकाराकडे गेलें असावें अशी कल्पना एकदां फार गाजली होती. यान व्हान आइक ह्या फ्लेमिश चित्रकारानें १४३४ सालीं एका धनिक व्यापाऱ्याचें व त्याच्या पत्नीचें चित्र काढलें, आणि मागील भिंतीवरील आरशाच्या वर आपण येथें हजर होतों अशा अर्थाची सही केली. एर्विन पानोफ्स्की ह्या कलेतिहासकारानें १९३४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, हें चित्र म्हणजे विवाहाचा दाखला असून ती सही साक्षीदाराची आहे. पुढील संशोधकांना हें मत पटलें नाहीं. परंतु तें इतकीं वर्षें लोकांच्या मनांत कां घर करून राहिलें हें समजण्यासारखें आहे. चित्र काढणारा जर त्या क्षणीं तेथें उभा असेल, तर त्याच्या चित्राला नुसत्या शोभेपेक्षां अधिक मोल येतें, असें प्रत्येकालाच वाटतें.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीं पॅरिसमध्यें जगाला जाहीर झाली, आणि पुढल्याच वर्षीं, १० फेब्रुवारी १८४० रोजीं, लंडनमध्यें व्हिक्टोरिया राणीचा विवाह झाला. त्या विवाहाचें छायाचित्र नाहीं. जॉर्ज हेटर ह्या चित्रकारानें काढलेलें तैलचित्र मात्र आहे, आणि तें पुरें व्हावयास दोन वर्षें लागलीं. असें असतांहि राणीच्या लग्नाचें म्हणून एक छायाचित्र अनेक ठिकाणीं छापलेलें आढळतें. तें वस्तुतः १८५४ सालीं रॉजर फेंटन ह्यानें घेतलेलें असून त्या वेळीं लग्नाला चौदा वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि राणीच्या अंगावर लग्नाचा नव्हे तर दरबारी पोशाख होता. पतिपत्नी एकमेकांसमोर उभीं आहेत, पांढरें वस्त्र आहे, डोक्यावर फुलें आहेत; एवढ्यावर लोकांनीं तें लग्नाचें ठरविलें. लग्नाच्या छायाचित्रांच्या इतिहासाचा आरंभच असा एका गैरसमजानें होतो.

लग्नाच्या जागीं कॅमेरा न येण्याचें मुख्य कारण यांत्रिक होतें. १८५१ सालीं निघालेल्या कोलोडियनच्या पद्धतींत कांचेवर ओला लेप देऊन तो वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन धुवावें लागे. म्हणजे छायाचित्रकारानें आपली काळोखी खोली, औषधांच्या बाटल्या व पाणी हें सारें बरोबर बाळगावयाचें. चर्चच्या अंधुक उजेडांत तर माणसांना कित्येक सेकंद दगडासारखें उभें राहावें लागलें असतें, आणि लग्नांत कोण दगडासारखा उभा राहील? म्हणून लग्न आटोपल्यावर, कित्येकदां बऱ्याच दिवसांनीं, वधूवर पुन्हां तोच पोशाख करून छायाचित्रकाराच्या घरीं जात. तेथें उत्तरेकडून कांचेच्या छपरांतून उजेड येई. मागें रंगविलेला पडदा असे. मान हलूं नये म्हणून पाठीमागें लोखंडी टेकू लावीत. त्या काळच्या चित्रांतील वधूवर इतके गंभीर कां दिसतात ह्याचें थोडेंसें उत्तर त्या टेकूंत आहे.

आपल्याकडे ही कला येण्यास वेळ लागला नाहीं. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ सालींच निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या छायाचित्रकारांत गणले जात. पण कला आली म्हणून भीति गेली नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं गुजराथेंत छायाचित्रणाचा धंदा केला, तेव्हां कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति ओढून घेतो व आयुष्य कमी करतो, ह्या समजुतीचा त्यांना फार त्रास झाला. ज्या यंत्रानें आयुष्य उणें होतें तें मंगलकार्यांत कोण आणील? तेंच यंत्र आज मांडवांत आल्यावांचून कार्य पुरें झालें असें वाटत नाहीं, हा पालट लहान नव्हे.

कॅमेरा घरांतून निघाला तो प्रथम देवळाच्या दारापर्यंत आला. १८७१ नंतर कोरड्या कांचा निघाल्या. १८८८ सालीं कोडॅकचा हातांत धरावयाचा कॅमेरा आला. आणि चर्चच्या पायऱ्यांवर, उघड्या उजेडांत, वधूवरांचें व वऱ्हाडाचें चित्र घेण्याची रीति पडली. आंत जाण्यास अजून अडचण होती. १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमची उजेड पाडणारी भुकटी निघाली होती खरी, पण ती पेटली म्हणजे मोठा लखलखाट व्हावा, पांढऱ्या धुराचा लोट उठावा आणि जवळच्या पडद्याला आग लागण्याची धास्ती असावी! अशी वस्तु वेदीपाशीं येऊं देण्यास धर्मगुरु तयार नसले तर त्यांत नवल नाहीं. १९२५ सालीं लहान लायका कॅमेरा बाजारांत आला, १९२९ सालीं धूर न करणारे लखलखाटाचे दिवे आले, आणि आंत न येण्याचें यांत्रिक कारण संपलें. जें कारण उरलें तें धर्माचें होतें. आणि येथूनच ह्या इतिहासांतील खरा वाद सुरू होतो.

त्या वादाचें एक उदाहरण हास्यास्पद म्हणून नेहमीं सांगितलें जातें. २६ एप्रिल १९२३ रोजीं वेस्टमिन्स्टर अॅबींत ड्यूक ऑफ यॉर्क यांचा विवाह व्हावयाचा होता. बी. बी. सी. ला स्थापन होऊन वर्षहि झालें नव्हतें. तिनें तो विधि नभोवाणीवरून ऐकविण्याची परवानगी मागितली. अॅबीच्या धर्माधिकाऱ्यांनीं ती नाकारली. त्यांची एक शंका अशी कीं, लोक हा पवित्र विधि दारूच्या गुत्त्यांत बसून, डोक्यावरची टोपीहि न काढतां ऐकतील! आज ह्या शंकेला हंसणें सोपें आहे; परंतु टोपी बाजूस ठेवून पाहिलें तर तींत एक तथ्य दिसतें. जो देवळांत बसून विधि पाहतो तो त्या विधींत सामील असतो. त्यानें उठावें लागतें, गुडघे टेकावे लागतात, गप्प राहावें लागतें. जो दुरून ऐकतो वा पाहतो त्याच्यावर असें कोणतेंच बंधन नाहीं. एक साक्षी, दुसरा प्रेक्षक. धर्माधिकाऱ्यांना भय होतें तें साक्षीदारांचे प्रेक्षक होण्याचें.

काळाच्या ओघापुढें तें भय टिकलें नाहीं. १९३४ सालीं त्याच अॅबींतील ड्यूक ऑफ केंट यांचा विवाह नभोवाणीवरून ऐकविण्यांत आला. १९४७ सालीं राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहाचें ध्वनिक्षेपण जगभर सुमारें २० कोटि लोकांनीं ऐकलें असें सांगतात. १९६० सालीं राजकन्या मार्गारेट यांचा विवाह दूरचित्रवाणीवर दिसला. आणि २९ जुलै १९८१ रोजीं सेंट पॉलच्या देवळांतील राजपुत्र चार्ल्स यांचा विवाह पाहणारांची संख्या ७५ कोटि असावी असा अंदाज झाला. मोनॅकोंत १९५६ सालीं ग्रेस केली ह्या नटीचा राजाशीं विवाह झाला, तेव्हां तर तिच्याशीं करार असलेल्या चित्रपटसंस्थेनेंच त्या समारंभाचा बोलपट तयार केला.

रोमन कॅथॉलिक धर्मपीठानें ह्या प्रश्नाचा जो निकाल केला तो आम्हांस समंजस वाटतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं पवित्र विधींच्या प्रक्षेपणास वाट दिली, पण तें संयमानें व प्रतिष्ठा राखून, बिशपांनीं नेमलेल्या योग्य माणसाच्या देखरेखीखालीं व्हावें असें सांगितलें. १९६७ सालच्या आज्ञापत्रांत छायाचित्रांचा स्वतंत्र उल्लेख आहे: छायाचित्रें घेण्यानें उपासनेंत, विशेषतः मिस्सांत, व्यत्यय येऊं नये, सबळ कारण असेल तेथें तीं अत्यंत जपून घ्यावींत, आणि स्थानिक धर्माधिकाऱ्यांचे नियम पाळावे. म्हणजे आक्षेप चित्राला नाहीं. आक्षेप चित्रासाठीं विधि थांबविण्याला आहे.

हा निकाल झाला तेव्हां खरी परीक्षा पुढेंच होती. १९८३ पासून चित्र टिपणें व सांठविणें हीं दोन्ही कामें करणारा व्हिडिओ कॅमेरा एका खांद्यावर मावूं लागला, आणि महाराष्ट्रांतील लहान गांवींहि ‘शूटिंग’ हा लग्नाच्या खर्चांतील एक रकाना झाला. प्रखर दिव्यांच्या झोतांत घामानें निथळणाऱ्या वधूवरांचीं तीं चित्रें घरोघर पेटींत पडून आहेत. आतां फितीहि गेल्या, दिवेहि पुष्कळ सौम्य झाले, आणि कॅमेरा मांडवावरून उडूं लागला. आपल्या विवाहांत अंतरपाट धरतात तो अशासाठीं कीं, मंगलाष्टकें संपेपर्यंत वधूवरांनीं एकमेकांस पाहूं नये. त्या पाटाच्या दोन्ही बाजू एकदम दिसतील अशी जागा आज छायाचित्रकाराचीच असते. आणि बहुधा वधूवरांनीं त्याच्याच सांगण्यावरून कांहीं दिवस आधीं एखाद्या किल्ल्यावर वा समुद्रकांठीं एकमेकांकडे पाहत चित्रें काढून घेतलेलीं असतात!

येथें कायद्याचें मत पाहण्यासारखें आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें, जेथें सप्तपदीची रूढि आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. महाराष्ट्रांतील एका खटल्यांत १९६५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, आवश्यक विधि झाले नसतील तर त्याला कायद्याच्या दृष्टीनें विवाह म्हणतां येत नाहीं. आणि २०२४ सालीं त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, विधि न करतां मिळविलेल्या नोंदणीच्या दाखल्यानें हिंदु विवाह सिद्ध होत नाहीं. मग चित्राची कथा काय? सातवें पाऊल एकदांच पडतें. कॅमेऱ्यासाठीं तें पुन्हां टाकलें तर तें आठवें नव्हे आणि सातवेंहि नव्हे. तें नुसतें चालणें होय. शपथ दुसऱ्यांदां उच्चारली म्हणजे ती शपथ राहत नाहीं, शपथेचें नाटक होतें; आणि संग्रहांत जें चित्र जातें तें पुष्कळदां ह्या नाटकाचें असतें. फेंटनच्या चित्राबद्दल लोकांनीं नकळत जी चूक केली, ती आपण आतां जाणूनबुजून करतों.

ह्याचा अर्थ आम्ही कॅमेऱ्याचे वैरी आहों असा कोणीं घेऊं नये. परदेशीं असलेल्या भावाला बहिणीचें लग्न दिसतें तें ह्याच यंत्रामुळें. गेलेल्या आईचा हंसरा चेहरा घरांत उरतो तो पुष्कळदां अशाच एखाद्या चित्रांत. २०२१ च्या एप्रिलमध्यें महासांथीमुळें महाराष्ट्रांत लग्नास पंचवीस माणसें व दोन तास एवढीच मुभा उरली, तेव्हां शेंकडों आप्तांनीं घरीं बसून पडद्यावर मंगलाष्टकें ऐकलीं, आणि आपल्या घरांतच अक्षता टाकल्या. त्यांना प्रेक्षक म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. टोपी काढावयाची कीं नाहीं हें शेवटीं ज्याच्या त्याच्या मनावर आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कॅमेऱ्यानें मांडवांत अवश्य यावें, पण साक्षीदाराच्या जागीं उभें राहावें. आणि साक्षीदार जें घडतें तें पाहतो, तें पुन्हां घडवा असें सांगत नाहीं.

इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहांत आणखी एक चित्र आहे. २५ जानेवारी १८५८ रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या कन्येचा विवाह झाला. चर्चकडे निघण्यापूर्वीं राणी, तिचा पति व वधू यांचें चांदीच्या पत्र्यावर चित्र घेण्यांत आलें. पित्याची व कन्येची आकृति बरी आली. राणीचा चेहरा मात्र पुसट झाला, कारण यंत्रापुढें तिला स्थिर उभें राहवेना. आपलें अंग थरथरत होतें हें तिनें आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेवलें आहे. छायाचित्रकाराच्या दृष्टीनें तो पत्रा फुकट गेला. पुन्हां एकदां उभें राहा असें त्यानें राणीला सांगितलें असतें तर चेहरा स्पष्ट आला असता. पण मुलगी सासरीं चालली म्हणून आई कांपली, ही त्या दिवसाची खरी गोष्ट मग कोणत्याच चित्रांत उरली नसती.