पवित्रीकरण

पवित्रीकरण : (ख्रिस्ती धर्मशास्त्र). ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्या माणसाचा स्वभाव देवाच्या सामर्थ्याने पालटत जाऊन तो ख्रिस्तासारखा होत जाणे. नव्या करारातील ‘हागियास्मोस’ या ग्रीक शब्दाचा हा मराठी प्रतिशब्द. मुळात त्याचा रोख देवासाठी वेगळे काढून ठेवण्यावर आहे. मराठी मंडळ्यांत ‘पवित्रीकरण’ हा शब्द पाळकांच्या प्रवचनात ऐकू येतो, एरवी लोक ‘विश्वासात वाढणे’ असेच म्हणतात.

‘नीतिमान ठरवणे’ आणि ‘पवित्रीकरण’ यांत प्रॉटेस्टंट परंपरा काटेकोर फरक करते. पहिली गोष्ट न्यायालयाच्या निकालासारखी, एकदाच होणारी. दुसरी आयुष्यभर चालणारी. निकाल देवाचा, त्यात माणसाचे कर्तृत्व नाही, याबद्दल या परंपरेत दुमत नाही. पुढची वाढ कोणाच्या बळावर होते, हा प्रश्न मात्र वादाचा ठरला.

बायबलमधील आधार : योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्त स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. फाटा जोर लावून फळ देत नाही. तो वेलाला धरून असतो, एवढेच. पण याच दाखल्यात छाटणीही आहे आणि प्रवचनांत ती बरेचदा गाळली जाते. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही : एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी टाळली, तर बागेत पाला उदंड होतो, घड होत नाहीत.

पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात चांगले करण्याची इच्छा असूनही ते हातून न होण्याची तगमग मांडली आणि आठव्यात पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याकडे बोट दाखवले. गलतीकरांस पत्रात तो आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे सांगतो. मूळ ग्रीकमध्ये ‘फळ’ एकवचनी आहे, तेव्हा नवांतली सोयीची तीन-चार निवडण्याची मुभा नाही. यादीतल्या शेवटच्या लक्षणासाठी मराठी बायबलने ‘इंद्रियदमन’ हा शब्द वापरला. योगाच्या परंपरेत तो साधकाच्या कष्टाचा शब्द. इथे मात्र तो फळाच्या लक्षणांत, म्हणजे मिळालेल्या देणगीत येऊन बसला आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर माणसाने आपल्या तारणासाठी झटावे आणि त्याच्या ठायी कार्य करणारा देवच आहे, या दोन्ही गोष्टी लागोपाठ येतात. वैष्णवांच्या मर्कटन्याय (माकडाचे पिलू आईला स्वतः धरून राहते) आणि मार्जारन्याय (मांजरी पिलाला उचलून नेते) यांपैकी कोणत्याही एका खणात हा विचार नीट बसत नाही.

वादाचा इतिहास : चर्चपिता ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात, देवाने जे आज्ञापिले ते पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशा अर्थाची एक प्रार्थना आहे. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलागियस ती ऐकून संतापला, असे ऑगस्टीननेच पुढे लिहिले. बळ देवाकडून यायचे, तर आळशी माणसाला जाब कोण विचारणार, हा पेलागियसचा आक्षेप. तो फेटाळला गेला (कार्थेजची परिषद, ४१८), तरी प्रश्न म्हणून तो कमअस्सल नव्हता. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेने हा पेच पाश्चात्त्यांइतका ताणला नाही. ती देव आणि माणूस यांच्या सहकार्याची आणि माणूस दैवी जीवनात सहभागी होण्याची भाषा बोलते. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत (१५४७) कृपेला अग्रस्थान दिले, पण नीतिमान ठरणे आणि पवित्र होणे यांची फारकत नाकारली.

अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने (१७०३–९१) याच जन्मी प्रीतीत पूर्णत्व शक्य आहे असे शिकवले. त्यासाठी त्याने दिलेली व्यवस्था मात्र अगदी जमिनीवरची होती. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावरचे कर्ज फेडायला सभासदांकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायचे ठरले. एकेकाने बारा-बारा जणांची जबाबदारी घेतली. पैसे मागायला घरी जाणारा माणूस खुशाली विचारू लागला, मग आत्म्याचीही चौकशी करू लागला. मेथडिस्टांचे ‘वर्ग’ असे कर्जफेडीतून जन्मले.

इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील केझिक येथे १८७५ पासून भरणाऱ्या वार्षिक सभांनी दुसरी वाट धरली : धडपड सोडा, पूर्ण समर्पण करा आणि विजय देवावर सोपवा. या सुलभतेवर पुढे बिशप झालेले जे. सी. राइल यांनी ‘होलिनेस’ (१८७७) या ग्रंथात टीका केली. विश्वास म्हणजे झुंजीतून सुटका नव्हे, हे त्यांचे म्हणणे. केझिकच्या शिकवणीने थकलेल्यांना दिलासा दिला हे खरे, पण पुन्हा पडलेल्या माणसाला तिने आपल्या समर्पणातच खोट शोधायला लावली, हेही खरे.

महाराष्ट्रातील उदाहरण : पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ च्या आपल्या साक्षीत मात्र त्या म्हणतात, की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो गवसायला आणखी आठ वर्षे लागली. शास्त्रार्थाची सवय असलेल्या विदुषीने ही कबुली छापून द्यावी, हे विशेष. ब्रिस्टलचे अनाथालय चालवणारे जॉर्ज म्युलर आणि चायना इनलँड मिशन यांच्याविषयीची पुस्तके वाचून, स्त्रिया आणि मुलींसाठी चालवलेल्या आपल्या संस्थेच्या खर्चासाठीही देवावर भिस्त ठेवण्याचा विचार त्यांच्या मनात रुजला.

१८९५ मध्ये लोणावळ्याच्या शिबिरसभेला त्या आपल्या संस्थेतील पंधरा ख्रिस्ती मुलींना घेऊन गेल्या. पुढच्या सभेपर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधराच्या दोनशे पंचवीस व्हाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केली. श्रद्धेला असा हिशेब घालणे काहींना खटकेल. रमाबाईंना खटकले नाही. त्यानंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्या स्वतः तिकडे जाऊन मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रिया आणि मुली दोन हजारांच्या घरात होत्या. त्यांचे धान्य, विहिरी, हातमाग, शाळा हे सारे रमाबाईंच्या देखरेखीखाली चाले. देवावर भरवसा आणि हाताला काम यांत त्यांना विरोध दिसला नाही.

१८९८ मध्ये केझिकच्या सभेत त्यांना बोलायला पाच मिनिटे मिळाली. त्यांनी भारतातील सर्व ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थना मागितली. १९०५ च्या जून अखेरीस मुक्तीमध्येच संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, सुरू झाले. मुली मोठ्याने रडत, पापे कबूल करत, तासन्‌तास प्रार्थना करत. बाहेर याविषयी कौतुकाइतकीच नापसंतीही उमटली. प्रार्थनेनंतर मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या.

कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तासारखे होत जाण्याची हीच वाढ अभंगाच्या आणि गुरुशिष्यभावाच्या भाषेत मांडली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांची गीते ‘उपासना संगीत’मधून मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात.

रमाबाईंनी पुढली वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या वाचणारीला कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुक्तीतल्या स्त्रियांनी चालवलेल्या छापखान्यातून तयार झालेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.