पेशीपटलाचा द्विस्तर : एका पुराव्याची चिकित्सा

इ. स. १९२५ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेदद्रव्ये ॲसिटोनने वेगळी करून पाण्यावर एका रेणूइतक्या जाडीच्या थरात पसरविली. त्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठफळाच्या सुमारे दुप्पट भरले. यावरून पेशीपटल मेदरेणूंच्या दोन थरांचे असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. परंतु ॲसिटोनने सर्व मेद निघाला नव्हता आणि सुकविलेल्या पेशींवरून काढलेले पृष्ठफळही वास्तवाहून कमी होते. हे दोन दोष परस्परांची भरपाई करणारे होते, हे १९६६ मधील फेरतपासणीत बार, डीमर व कॉर्नवेल यांनी दाखविले. सिंगर व निकोल्सन यांच्या १९७२ च्या प्रतिमानातही द्विस्तर कायम राहिला. तथापि निष्कर्ष सत्य ठरल्याने त्याचा पुरावा निर्दोष ठरत नाही, हा विवेक विज्ञानेतिहासाच्या अभ्यासकाने बाळगणे अगत्याचे आहे.