गळ्यातली गाठ आणि सोनोग्राफीचं सील

वीसेक वर्षांच्या पत्रकारितेत सोनोग्राफीवर मी जेवढ्या बातम्या केल्या, त्यातल्या बहुतेकांचा मथळा एकच: ‘सोनोग्राफी सेंटरला सील’. त्यामुळे हे मशीन म्हणजे गरोदर बाईच्या पोटावर फिरवायचं, एवढंच डोक्यात बसलेलं.

मागच्या वर्षी मामांच्या मानेत गाठ आली. चाळीस वर्षांची तंबाखू. कान-नाक-घशाच्या ओपीडीत तरुण निवासी डॉक्टरने बोटांनी गाठ चाचपली आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. तारीख मिळाली बारा दिवसांनंतरची. मग रिपोर्ट. मग सुईची तपासणी. त्यात पुरेसं काही आलं नाही, म्हणून पुन्हा सुई. महिना गेला.

मी विचारलं, “डॉक्टर, तुम्हीच मशीन लावून का नाही बघत?”

तो म्हणाला, “दादा, आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आणि मशीन आमच्या विभागात ठेवायचं म्हणजे नोंदणी, कागदपत्रं, तपासण्या. मोठे साहेब म्हणतात, नको ती कटकट.”

तेव्हा या मशीनचा इतिहास वाचायला घेतला.

ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड १९५५ साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून एका बॉयलर कारखान्यात गेले. तिथं धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र होतं. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ त्यावर वेगळी दिसते, हे त्यांना कळलं. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा जो लेख आला, त्याचा विषयच पोटातल्या गाठी हा होता. म्हणजे हे मशीन नावारूपाला आलं तेच गाठी ओळखण्यासाठी!

मानेतल्या गाठी तर कातडीखाली थोड्याच खोलवर असतात. जर्मनीत कान-नाक-घशाच्या सर्जननी हे काम स्वतःच्या हाती घेतलं. वोल्फ मान यांचं डोक्या-मानेच्या सोनोग्राफीवरचं पुस्तक १९८४ सालचं. आज तिथं हे तंत्र निवासी डॉक्टरांच्या शिक्षणाचाच भाग आहे. सुई गाठीत नेमकी कुठं शिरली, सूज आहे की आत पू झालाय, लाळग्रंथीत खडा आहे का, हे पेशंटला तपासतानाच पडद्यावर बघता येतं. क्ष-किरणांचा संबंध नाही.

आणि आपल्याकडे? आपण हेच मशीन मुली मारायला वापरलं. महाराष्ट्राने देशात सर्वात आधी, १९८८ साली, गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. तरी हजार मुलांमागे शून्य ते सहा वयाच्या मुली राज्यात १९९१ ला ९४६ होत्या, त्या २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४ झाल्या. बीडमध्ये तर ८०७! २००३ च्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्याला मशीन विकणंही गुन्हा ठरलं. पुढे २०१२ मध्ये पोर्टेबल मशीन फिरवण्यावर कडक बंधनं आली.

हे सगळं गरजेचंच होतं. कायदा सैल करा, असं मी अजिबात म्हणत नाही. पण नोंदणी करून मशीन ठेवायला कायद्याने मनाई केलेली नाही. मग वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात एक नोंदणीकृत मशीन, प्रत्येक तपासणीची नोंद आणि शेजारी शिकवणारा रेडिओलॉजिस्ट, एवढं जमणार नाही? कोल्हापूर जिल्ह्याने मशीनवर ‘सायलेंट ऑब्झर्वर’ बसवून प्रत्येक तपासणीवर नजर ठेवून दाखवली होतीच की. रेडिओलॉजिस्टचं काम काढून घ्यायचं नाही. पहिली नजर लवकर पडावी, एवढंच.

मामांची गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, आता घरी आहेत. तंबाखू सुटली. तो महिना मात्र परत येणार नाही.

पोटातल्या लेकींचा गुन्हा आपण केला. त्याचा दंड गळ्यात गाठ घेऊन रांगेत बसलेला गरीब माणूस किती दिवस भरणार? आपल्या आमदारांना हे एकदा विचारा. मी तर विचारणारच आहे.